दमट पट्ट्या

सुगंधा कसालजवळच्या एका शेडमध्ये रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्या बनवायची. प्लॅस्टिकच्या पातळ फितीवर औषधाचा थर आणि त्यावर थेंब सारखा पसरवणारं जाळीदार कापड चिकटवायचं, मग कापून डबीत भरायचं. रक्त लागलं की पट्टी निळी होते. साखर जितकी जास्त, तितकी गडद. ओल लागली की औषध मरतं, म्हणून हे काम बंद खोलीत चालायचं. तिथली हवा कोरडी ठेवायला एक मशीन होतं.

श्रावणात ते मशीन बिघडलं. मालक कौस्तुभने काम मात्र थांबवलं नाही. चतुर्थीला त्याने सगळ्या बायकांना पट्ट्यांच्या डब्या भेट दिल्या. लेबल चुकीचं छापलंय म्हणून विकता येत नाहीत, म्हणाला. मशीन बंद होतं तेव्हाचा माल नाही ना, असं सुगंधाने विचारलं. तो कधीच फेकून दिला, असं त्याने सांगितलं.

तिचा नवरा जितेंद्र मालवणात ट्रॉलरवर खलाशी होता. साखरेचं दुखणं जुनं, आणि डॉक्टरकडे जायचा कंटाळा. डब्या बघून तो खूश झाला. "तूच बनवतस, मगे डॉक्टराकडे कित्याक जाऊचा?"

अधूनमधून ती त्याच्या बोटाला सुई टोचायची. रंग फिकटच यायचा. साखर उतरली असं वाटून तिनेच त्याची गोळी अर्धी केली.

पुढे खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी त्याचा पाय कापला. जखम भरेना. साखर वाढली की काय, असं त्याने विचारलं. तिने पट्टी लावून बघितली.

"साखर बरी आसा," ती म्हणाली. "खाऱ्या पाण्यान चिघळता ती."

पाय काळा पडला तेव्हा त्याला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नेलं. तिथे साखर चारशेच्या वर निघाली. गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

ती कामावर परतली तेव्हा पॅकिंगमधली विनीता हळूच म्हणाली की चतुर्थीला वाटलेला तो माल दमट म्हणून गिऱ्हाइकाने परत पाठवला होता. सुगंधा तशीच कौस्तुभसमोर जाऊन उभी राहिली. त्या पट्ट्यांवर विसंबून नवऱ्याची गोळी अर्धी केली, असं तिने सांगितलं. त्याने आवाज चढवला नाही.

"वहिनी, डब्या मी दिल्या. पण गोळी कमी करायला मी सांगितलं होतं का?"

तो खोटं बोलून मोकळा झाला होता, पण गोळी तिनेच अर्धी केली होती. तरी तक्रार करू, तू साक्ष दे, असं सांगायला ती विनीताकडे गेली. विनीताने हात जोडले. माझं नाव नको घेऊ, माका पण घर आसा, म्हणाली.

घर आता सुगंधाच्या एकटीच्या पगारावर चालतं, म्हणून ती त्याच शेडमध्ये, त्याच खोलीत बसून थर चिकटवते. जितेंद्र आता तिला बोटाला सुई टोचू देत नाही. तपासणीला तो कुबडी घेऊन रिक्षाने एकटाच दवाखान्यात जातो. एकदा तिने रजा काढून सोबत यायची तयारी केली. तो दारातच थांबला.

"नको," तो म्हणाला. "तू कामाक जा."