माझी गव्हर्नरबाई आणि बाकीचे लोक

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी कोणी उभं राहावं, याचा निर्णय आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर झाला. त्याला तीन आठवडे लागले, एक प्रेझेंटेशन लागलं, एकदा आमटी करपली, आणि निकाल माझ्या बाजूने लागला. त्याबद्दल मला आजही खेद नाही. खेद आहे तो पुढच्या भागाबद्दल.

मी मेधा. ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये चिप बनवणाऱ्या एका कंपनीत चिपमधले दोष शोधणं हे माझं काम. (त्यासाठी कंपनीने मला पगार द्यायची गरज नव्हती, मी ते घरी फुकट करतेच, असं माझा नवरा सुहास म्हणतो.) मुलगी ईशा पंधरा वर्षांची, तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. आणि त्या वर्षी माझे सासरे, नाना, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते. नाना आयकर खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त ते झाले, त्यांचं लाल पेन झालेलं नाही.

सुहास आणि मी सतरा वर्षं व्हिसा, ग्रीन कार्ड, बोटांचे ठसे आणि पुन्हा बोटांचे ठसे असं करत आदल्या वर्षी नागरिक झालो होतो. शपथ झाल्या झाल्या बाहेरच्या टेबलावर मतदार नोंदणीचे फॉर्म होते. सुहासने टेबलामागच्या बाईंशी गप्पा मारत, हसत-खिदळत, जिथे त्यांनी बोट ठेवलं तिथे टिक केली. मी काळ्या शाईच्या पेनाने, प्रत्येक चौकट दोनदा वाचून फॉर्म भरला आणि गाडीत बसल्यावर त्याला, सरकारी कागद असा भरतात का, यावर पंधरा मिनिटं ऐकवलं. ही पंधरा मिनिटं लक्षात ठेवा.

तर पहिली निवडणूक आली ती प्रायमरी. म्हणजे पक्षाचं तिकीट कोणाला द्यायचं, हे लोकांनी मत देऊन ठरवायचं. नानांना हे पटेना. "तिकीट लोक देतात? मग पक्ष काय करतो?" असं त्यांनी आठवडाभर अधूनमधून विचारलं.

रिंगणात खरे दोघंच होते. एक गव्हर्नरबाई आणि एक सिनेटर. (नावं आणि पक्ष सांगत नाही, घरात पुन्हा वाद नको.) आयुष्यातलं पहिलं मत मी असंच कोणाच्या चेहऱ्याकडे बघून देणार नव्हते. मी शंभर मार्कांची परीक्षा ठेवली. करयोजनेला साठ मार्क, निवडून येण्याच्या शक्यतेला चाळीस.

सिनेटरची करयोजना दीड पानाची होती. त्यात एक पानभर त्यांचा कुत्र्यासोबतचा फोटो. नानांनी ती वाचली आणि "कुत्रा चांगला आहे" एवढाच शेरा दिला.

गव्हर्नरबाईंची योजना त्रेचाळीस पानांची होती. मी ती छापून आणली. नाना लाल पेन घेऊन मागच्या अंगणात बसले ते दोन दिवस उठले नाहीत. कागद परत आले तेव्हा समासात शेरे होते. पान अकरा : हे कोण भरणार? पान एकोणीस : हे कोण तपासणार? पान तीस : इथून लोक पळतील, मी असतो तर पकडले असते. सर्वसामान्य माणसाने एकाच पानात रिटर्न भरायचं, ही बाईंची मुख्य कल्पना वाचून तर ते अस्वस्थच झाले. एका पानात सगळं मावलं तर ऑफिसातल्या माणसांनी दिवसभर करायचं काय, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी साठापैकी बावन्न मार्क दिले आणि म्हणाले, "मेधा, योजना उत्तम आहे. म्हणजे होणार नाही."

आता राहिले चाळीस मार्क. निवडून येण्याची शक्यता मोजायची कशी? टीव्हीवरचे तज्ज्ञ रोज वेगळं सांगत होते. मी ठरवलं, आपणच विचारायचं. कागदावर दोन रकाने आखले : 'बाईंना मत देणारे' आणि 'न देणारे'. सुरुवात घरातूनच केली.

"बाई मला आवडते," सुहास म्हणाला. "पण बाकीचे नाही देणार यार तिला मत. सिनेटर सेफ आहे."

शेजारचा डेव्ह ट्रक धूत होता. त्यालाही बाई पसंत होत्या. फक्त बाकीचे लोक त्यांना मत देणार नाहीत, असं त्याला वाटत होतं. महाराष्ट्र मंडळाची अध्यक्ष वृषाली, तिचा नवरा, माझे ऑफिसमधले सहकारी, भाजीच्या दुकानात भेटलेल्या दोन मैत्रिणी, एकूण दहा जणांना मी विचारलं. दहाच्या दहा जणांना बाई आवडत होत्या. दहाच्या दहा जणांचं म्हणणं होतं की बाकीचे तिला मत देणार नाहीत, म्हणून आपलं मत फुकट कशाला घालवा. दुसरा रकाना मी मग खोडून त्यावर 'बाकीचे' असं लिहिलं. तो कोराच राहिला.

ईशाने तो कागद पाहिला. "मॉम, हू आर दीज पीपल?" तिने विचारलं.

त्या प्रश्नाने मी पेटले. म्हणजे सगळा चँडलर गाव बाईंच्या बाजूने होता आणि कोणा अज्ञात बाकीच्यांना घाबरून सिनेटरला मत द्यायला निघाला होता! मी ठरवलं, हे 'बाकीचे' प्रकरण आपण संपवायचं. रविवारी जेवणाच्या टेबलावर सुहाससमोर बारा स्लाइड लावल्या. (आमटी तेव्हाच करपली.) सातव्या स्लाइडला तो शरण आला, पण मी बाराही दाखवल्या. मग उरलेल्या नऊ जणांच्या मागे लागले. डेव्हला पुरणपोळी दिली. वृषालीला म्हटलं, आवडणाऱ्यांनीच मत दिलं तर बाकीचे उरतातच कोण? ती विचारात पडली. तीन आठवड्यांत मी दहाही जणांकडून शब्द घेतला. प्रत्येकाला बजावलं, की मत न देणारा माणूसच चांगल्या उमेदवाराला पाडतो. हे वाक्य मला फार आवडलं होतं, म्हणून काहींना दोनदा ऐकवलं.

पोस्टाने मत देता येतं, असं सुहास म्हणाला होता. सतरा वर्षं थांबून पहिलं मत पोस्टाने टाकायचं म्हणजे लग्नाला कुरिअरने अक्षता पाठवण्यातला प्रकार. मी साफ नाही म्हटलं. मतदानाच्या मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि कांजीवरम नेसले. ईशा गाडीतून उतरायलाच तयार नव्हती. नाना मात्र कोट घालून आले. आपली सून मत देताना त्यांना बघायचं होतं.

मतदान एका चर्चच्या हॉलमध्ये होतं. टेबलामागे पांढऱ्या केसांच्या एक आजी होत्या. त्यांनी माझं लायसन्स यंत्रावर धरलं, चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे फार मायेने पाहिलं.

"तुम्ही कोणत्याच पक्षाच्या म्हणून नोंद नाही," त्या म्हणाल्या.

"बरोबर," मी अभिमानाने म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. ॲरिझोनात ही प्रायमरी पक्षाची घरातली बाब. त्या पक्षाचा म्हणून नाव नोंदवलेल्यांनाच मत देता येतं. ज्यांनी पक्ष लिहिलेला नाही, त्यांना नोव्हेंबरात येता येईल. त्याबद्दल सगळ्यांना पोस्टकार्डही पाठवलं होतं.

पोस्टकार्ड आलं होतं. मला लख्ख आठवलं. सोलर पॅनेलच्या जाहिरातींबरोबर मीच ते कचऱ्यात टाकलं होतं. त्रेचाळीस पानं तळटीपांसकट वाचणाऱ्या बाईने चार ओळींचं कार्ड वाचलं नव्हतं.

आणि तो फॉर्मही आठवला. नागरिकत्वाच्या अर्जात विचारतात : तुम्ही कधी ह्या पक्षाचे सदस्य होता का, त्या संघटनेचे होता का? त्याला आपण नाही, नाही, मुळीच नाही असं लिहितो. सतरा वर्षं सरकारी कागदाने काहीही विचारलं, तरी आपला कशाशीही संबंध नाही, हेच सांगायची सवय. त्यामुळे मतदार नोंदणीच्या फॉर्मवर 'पक्ष' हा शब्द दिसताच माझा हात आपोआप चालला : कोणताही नाही. त्याच टेबलावर सुहासने गप्पा मारता मारता नेमकी बाईंच्या पक्षावर टिक केली होती.

नाना मागून पुढे आले. "काय झालं?"

मी सांगितलं.

"कागद वाचला नव्हतास?" नाना म्हणाले. सबंध नोकरीत त्यांनी हा प्रश्न हजारो लोकांना विचारला असेल. मला तो हॉलभर ऐकू आला.

खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. उमेदवाराचं काय व्हायचं ते होवो, मला त्या पडद्यामागे जायचं होतं. सुहास मनाला लागेल असं काहीच बोलला नाही. गाडीतली ती पंधरा मिनिटं त्याने परत केली असती, तरी मला बोलता आलं नसतं. तो एवढंच म्हणाला, "थांब, तुझ्या बाईला देऊन येतो."

"नावापुढचा गोल नीट भर. काठाबाहेर जाऊ देऊ नकोस," मी डोळे पुसत म्हणाले.

आजींना माझी दया आली असावी. तात्पुरती मतपत्रिका म्हणून एक असते, ती हवी तर भरा, पण तुमची मोजली जाणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी म्हटलं, द्या. आणि न मोजल्या जाणाऱ्या मतपत्रिकेवरचा तो गोल मी जन्मात कुठला गोल भरला नसेल इतका सुबक भरला. आजींनी 'मी मत दिलं' असा स्टिकर माझ्या पदराला लावला. नानांनी फोटो काढला. तो सांगलीत सगळ्यांना गेलेला आहे आणि तिकडे माझं अजून कौतुक चालू आहे.

गव्हर्नरबाई पडल्या. आठवड्याभरात त्यांनी माघारही घेतली. मी चिडलेच. पाडव्याला मंडळाचा कार्यक्रम होता. मी कांजीवरम नेसून, एका हातात श्रीखंडाचं पातेलं आणि कमरेला तो दोन रकान्यांचा कागद खोचून गेले. कोणी शब्द फिरवला, ते मला बघायचं होतं. वृषालीने मत दिलं होतं. तिच्या नवऱ्याने दिलं होतं. ऑफिसवाल्यांनी दिलं होतं, भाजीच्या दुकानातल्या दोघींनी दिलं होतं. डेव्हने सकाळी कुंपणावरूनच सांगितलं होतं, की त्याने दिलं, आणि पुरणपोळी पुन्हा कधी. सुहासने तर माझ्यादेखत दिलं.

"मग बाकीचे कोण?" मी पातेलं आपटत विचारलं.

नानांनी माझ्याकडून कागद मागून घेतला, खिशातून लाल पेन काढलं आणि 'बाकीचे' या कोऱ्या रकान्यात सावकाश, वळणदार अक्षरात एक नाव लिहिलं. खाली सही केली. तारीखही घातली.

ज्यांच्यापायी चांगली माणसं निवडून येत नाहीत, ते बाकीचे लोक मला अशा रीतीने शेवटी सापडले. कांजीवरम नेसून सगळ्यांना श्रीखंड वाढत होते.