गुलाबी दगडावरचा माझा घाव

आर्मेनियातल्या येरेवानला निघालो तेव्हा कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर माझे वडील, आबा, गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे होते. आम्ही पाथरवट. मी तेव्हा पंचेचाळिशीचा, दोन पोरांचा बाप, तरी मित्र चेष्टा करत होते, "पावणा म्हणून निघालाईस, जावई हून बसू नगंस." सगळे हसले. आबा हसले नाहीत. "दगुड आदी वाजवून बघ," एवढेच म्हणाले, "मग हात उचल."

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने आर्मेनियात दगड कापायचा कारखाना घातला होता, तिथे मी कामाला लागलो. तो वर्षभरात बंद पडला. रिकाम्या हाताने परतायची लाज वाटली, म्हणून जुनी चर्च दुरुस्त करणाऱ्या एका टोळीत शिरलो. तिथे आर्मेन माझा जोडीदार झाला. मोडकी रशियन आणि हातवारे, एवढ्यावर आमचे भागायचे. सुट्टीला तो मला फिरवायचा. गारनीचे खांबांचे देऊळ दाखवले. गेघार्द दाखवले, तिथे डोंगर वरून खाली पोखरत आत देवघरे काढली आहेत. हाघपातच्या दालनाला छताच्या मधोमध आभाळाकडे उघडा झरोका आहे. आमच्या खिद्रापूरच्या देवळात याहून मोठा आहे, असे मी म्हणालो. मग एवढ्या लांब झक मारायला आलास काय, असे त्याने विचारले.

पुढे एका खेड्यातल्या चर्चचे काम लागले. तिथे एक खाचकार होता. खाचकार म्हणजे क्रूस आणि वेलबुट्टी कोरलेली उभी शिळा. एकासारखा दुसरा सापडत नाही. त्याच्या पायाशी धरलेला जुना चुना काढायला मी दगड न वाजवताच छिन्नी-हातोडा उचलला. तो दगड तुफ, गुलाबी आणि मऊ. माझा हात आपल्या काळ्या पाषाणाला सरावलेला. एका घावात खालचा कोपरा सुटला, वेलीच्या दोन पानांसकट. आजूबाजूला कोणी नव्हते. तुकडा तिथेच ठेवून मी निघून आलो.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने सगळ्यांना उभे करून विचारले. मी मान खाली घातली. आर्मेन म्हणाला, मी केले.

छिन्नीच्या खुणेवरून घाव माझा, हे त्याला कळले होते. नंतर मी विचारले तेव्हा म्हणाला, "तुला काढलं तर तुझे कागद जातील. तू कुठं राहशील? माझं घर इथंच आहे."

त्याला काढून टाकले. जुने दगड फोडतो असे नाव झाल्यावर चर्चचे काम त्याला कोणी देईना. सहा महिन्यांनी तो बायकोपोरांसह रशियात सिमेंटच्या कामावर गेला. मी मुकादमाकडे जाऊन खरे सांगू शकलो असतो. आज सांगू, उद्या सांगू करत आणखी चार वर्षे तिथेच काम केले.

परत आलो तेव्हा आबा थकले होते. तरी येईल त्याला सांगायचे, "माज्या पोरानं हजार वर्साची देवळं हुबी केली की." एकदा एकटे असताना त्यांनी विचारले, "वाजवून बघत हुतास न्हवं?" मी व्हय म्हणालो. त्याच समजुतीत ते गेले.

आता माझ्या हातात छिन्नी टिकत नाही, म्हणून हे लिहायला बसलो. तुमच्यापैकी कोणाचे पोर तिकडे डॉक्टरकी शिकत असेल तर भेटायला जा, आणि ही ठिकाणे बघितल्याशिवाय परतू नका. आपल्या पाथरवटांनी तर बघावीतच. कुठे एखाद्या खाचकाराचा खालचा कोपरा सांधलेला दिसला आणि तिथल्या कोणी आर्मेनचे नाव घेतले, तर तो घाव त्याचा नव्हे, कोल्हापूरच्या एका पाथरवटाचा, असे सांगा. मुकादमालाही पत्र टाकले आहे, पोचले की नाही कळले नाही.

मी कसबा बावड्यात माझ्या घरात आहे. दोन्ही वेळचे गरम जेवण सून वाढते. येरेवान सोडायच्या आदल्या दिवशी आर्मेनच्या घरापर्यंत जाऊन आलो होतो. दाराला कुलूप होते, आणि अंगणातली जर्दाळू कोणी न उचलता खाली पडून सडली होती.