जाळी कोण काढतं?

आमच्या कडबाकुट्टीत एका बाईची दोन बोटं गेली. त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका रविवारी चर्चहून घरी आल्यावर, माझ्या बायकोने लॅपटॉप उघडला आणि ती ऑनलाइन डिझायनर शोधायला बसली.

घोडेगावच्या रस्त्याला माझं छोटं वर्कशॉप आहे. जनावरांचा चारा बारीक करणारी मशिनं आम्ही तिथे बनवतो. समोरून चारा सारायचा, दोन रोलर तो आत ओढतात आणि मागची पाती त्याचे तुकडे करतात. रोलरच्या तोंडावर हात जाऊ नये म्हणून एक लोखंडी जाळी बसवलेली असते. त्या बाईच्या मशीनवर ती नव्हती.

मी त्यांच्या वस्तीवर भेटायला गेलो होतो. उजव्या हाताला बँडेज होतं. डाव्या हाताने तिने मला पाणी दिलं. "चूक माझीच हाय," ती म्हणाली. "मका वली हुती. अडकली म्हून हात घातला." मी चहा प्यायलो, तब्येतीला जपा म्हणालो आणि गाडीत येऊन बसलो. बराच वेळ मला गाडी सुरू करता आली नाही.

कारण त्यांच्याकडे मशीन पोहोचवायला मी स्वतः गेलो होतो. मोटर चालू करून दाखवली, आणि तिच्या नवऱ्याला म्हणालो, "ओला चारा असला की जाळीत अडकतो. ती काढून ठेवा, काम भराभर होतं." पाना माझ्याच हातात होता. जाळी मीच काढून दिली. असं मी किती जणांना सांगितलं असेल, त्याची गणती नाही.

बायकोला मी एवढंच सांगितलं की मशीन सुरक्षित करायचं आहे आणि ते आपल्या डोक्याबाहेरचं काम आहे. ती शाळेत शिकवते, तिचं इंग्रजी चांगलं आहे. तिने डिझायनर मिळतात अशा एका वेबसाइटवर आमची गरज नीट लिहून टाकली. दोन दिवसांत अकरा जणांचे निरोप आले. कुणी इअरफोन बनवलेले, कुणी मिक्सर, कुणी चकाचक पाण्याच्या बाटल्या. चित्रं इतकी सुंदर की माझा जीव अजूनच घाबरा झाला. यांच्यातल्या कुणी म्हशीपुढे चारा टाकलाय का? आपलं मशीन दाखवलं आणि त्याने ते दुसऱ्याच कारखान्याला दिलं तर? पैसे घेऊन गायब झाला तर कुणाच्या दारात उभं राहायचं?

अकरातल्या एका बाईंनी चित्रं पाठवलीच नव्हती, नुसते प्रश्न पाठवले होते. मशीन घरात कोण चालवतं? त्यांची उंची साधारण किती? हातात बांगड्या असतात का? पदर कुठे खोचतात? बायको म्हणाली, "यांनाच घ्या." त्या मूळच्या नागपूरच्या, आता बंगळुरात राहणाऱ्या. मराठी बोलता येणार म्हणून मलाही जरा धीर आला.

पहिला व्हिडिओ कॉल वर्कशॉपमधूनच झाला. मी मोबाईल धरून मशीनभोवती फिरलो. त्या मध्येच म्हणाल्या, "थांबा सर. इथे जाळीच्या बोल्टची भोकं रिकामी दिसताहेत. लोक जाळी काढतात का?"

"काढतात."

"कोण काढतं? का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "शेतकरी काढतात, मॅडम. निष्काळजीपणा. दुसरं काय?"

त्यांनी ते लिहून घेतलं. लिहिताना त्यांची मान खाली झालेली मला दिसली. तेवढ्यात सांगता आलं असतं. मी मोबाईल पात्यांकडे वळवला.

पुढचे दहा-बारा दिवस मला जेवण गोड लागलं नाही. वर्कशॉपचा फोन वाजला की पहिल्याच रिंगला उचलायचो, आता कुणाचा हात गेला म्हणून. एखादं मशीन टेम्पोत चढताना दिसलं की मी धावत जाऊन जाळीचे बोल्ट पुन्हा आवळायचो. कामगार एकमेकांकडे बघायचे. मॅडमचा निरोप आला की मी तो लगेच उघडत नसे. वाटायचं, यांना कळलं असेल.

त्यांचं डिझाइन आलं ते माझ्या उत्तरावरच उभं होतं. शेतकरी निष्काळजीपणे जाळी काढतो ना, मग त्याला ती काढताच येऊ नये. जाड जाळी, तिला कुलूप, आणि जाळी उघडली की मोटर बंद. रेखाटन सुबक होतं. आम्ही आठवडाभरात नमुना तयार केला आणि शेजारच्या रानातून ओली मका आणून लावली. चौथ्या पेंडीला तोंड तुंबलं. कुलूप काढा, जाळी उघडा, चारा उपसा, पुन्हा लावा. तिसऱ्यांदा तुंबल्यावर मी वैतागून मोटर बंद करणारी वायरच उपटली आणि जाळी उघडी ठेवून चारा आत ढकलायला लागलो. माझा हात रोलरपासून वीतभरावर होता.

"अहो!" बायको ओरडली. शाळा सुटल्यावर ती डबा न्यायला आली होती. मी मशीन बंद केलं. मग ती हळूच म्हणाली, "त्या बाईंच्या मशीनची जाळी कोणी काढली होती?"

मी तिला सगळं सांगितलं. कामगार चहाला गेले होते. तिने मला दोष दिला नाही, समजूतही घातली नाही. "मॅडमना सांगितलंय का?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉल लावला. काय बोलायचं ते तीनदा मनात म्हणून पाहिलं होतं, तरी अडखळलो. "मॅडम, मी तुम्हाला खोटं सांगितलं. जाळी मी काढतो. मीच लोकांना काढायला सांगतो."

पलीकडे त्यांच्या घरात कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, आता काम सोडतील.

"हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर आपले तीन आठवडे वाचले असते," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "म्हणजे माणसं निष्काळजी नाहीत. जाळीमुळे काम होत नाही, म्हणून ती निघते. मग जाळीचा नाद सोडू. मला त्या ताईंशी बोलायचंय. त्यांच्याच गोठ्यातून."

याला मी तयार नव्हतो. वस्तीवर जायचं म्हणजे तिलाही सांगणं आलं. दोन दिवस मी निमित्तं काढली. शेवटी बायको म्हणाली, "मी येते बरोबर," तेव्हा निघालो.

बाई गोठ्यात शेण भरत होती. तिच्या हाताकडे पाहायचं नाही असं ठरवूनही माझं लक्ष तिथेच गेलं. मी उभ्या उभ्याच बोललो. "ताई, जाळी काढायला मीच सांगितलं होतं. तुमची चूक नव्हती."

तिने पाटी खाली ठेवली. "ते ठाव हाय मला. तुमी मालकास्नी सांगत हुता, तवा मी हितंच हुते की. म्हशीमागं."

मी विचारलं, "मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमी कवा बोलताय ते बगत हुते," ती म्हणाली. मग पदराला हात पुसत, "तुमी चा पिऊन गेलात."

माझ्या बायकोने तेवढ्यात कॉल लावला आणि मोबाईल तिच्यासमोर धरला. पुढचा तासभर त्या दोघीच बोलत होत्या. मी मशीनशी टेकून ऐकत होतो. ती सांगत होती, ओली मका कशी दुमडते, पेंडी संपत आली की शेवटचा वीतभर चारा रोलरपर्यंत जात नाही, मग हातानेच सारावा लागतो. "चारा सारायचा पत्रा आखूड हाय बगा. लांब आसला तर हात पोचायचाच न्हाई." आणि अडकल्यावर? मॅडमनी विचारलं. "दोनी हातांत चारा आसतोय. बटन तिकडं भिंतीला. कवा जायाचं बंद कराया?"

"हात मोकळे नसतात, तर मोकळं काय असतं?"

बाईने विचार केला. मग हसून पोटावर हात ठेवला. "ह्ये."

नवं डिझाइन त्यावरून झालं. चारा सारायचा पत्रा पूर्वीपेक्षा हातभर लांब आणि वरून झाकलेला, म्हणजे खांद्यापर्यंत हात घातला तरी बोटं रोलरला लागत नाहीत. तोंड रुंद, त्यामुळे ओला चारा तुंबत नाही आणि शेवटचा वीतभर चारा पुढची पेंडीच आत ढकलते. आणि समोर आडवा दांडा. पोटाने रेटला की रोलर थांबतात, अजून रेटला की उलटे फिरून चारा बाहेर टाकतात. पहिलं मशीन तिच्याच गोठ्यात बसवलं. तिने चार पेंड्या मका घातली. पाचवी मुद्दाम वाकडी सारली. मशीन गुरगुरलं. तिने दांड्यावर पोट रेटलं. चारा तिच्या पायाशी येऊन पडला. तिने पुन्हा तेच केलं, आणि मग पुन्हा. नंतर नवऱ्याला म्हणाली, "आता तुमी करून बगा."

काम संपल्यावर वेबसाइटवर दोघांनी एकमेकांबद्दल लिहायचं असतं. मॅडमनी माझ्याबद्दल लिहिलं होतं, सुरुवातीला अपुरी माहिती दिली, नंतर पूर्ण दिली. बायकोने वाचून दाखवलं. मी म्हटलं, ठीक आहे.

आता नवी मशिनं अशीच जातात. जुन्या गिऱ्हाइकांकडे जाऊन आम्ही पत्रा आणि दांडा बसवून देतो. काही जण नको म्हणतात, जागा लई खातंय म्हणतात. त्यांच्याशी वाद घालतो, जमलं तर घरातल्या बाईला बोलावून समोर करून दाखवतो. पण बरीच मशिनं मी जनावरांच्या बाजारात उभ्यानेच विकली आहेत. नाव नाही, गाव नाही. बाजाराच्या दिवशी आता मी फाटकाजवळ एक मशीन मांडून थांबतो आणि ओळखीचं तोंड दिसतंय का ते बघतो. गेल्या बाजारात पाथर्डीकडचा एक माणूस दांडा हाताने दाबून बघत होता. "आमच्यात हाय तुमचं मशीन. झाली की चार वरसं. लई भारी चालतंय."

"जाळी आहे का त्याला?" मी विचारलं.

"न्हाई बा. ती तुमीच काढून दिली."

मी त्याचा नंबर लिहून घेतला. चारा कोण घालतं ते विचारलं. आई, तो म्हणाला. गुरुवारी येतो, असं त्याला सांगितलं आणि तोवर आईला मशीनजवळ जाऊ देऊ नका म्हणालो. तो हसला. त्याला मी जरा विचित्रच वाटलो असणार.

आज मंगळवार आहे. सकाळपासून दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही.