हवालदारांचं वळण

हवालदारांना चूक दाखवून दिली, की ते तीच चूक दुसऱ्यांदा अधिक जोरात करायचे.

माणूस साताऱ्याकडचा, फौजेच्या पाइप बँडमधून निवृत्त झालेला. आखातात, जबल अलीच्या एका वेअरहाऊसवर सिक्युरिटी सुपरवायझर होता. शनिवारी अल बर्शातल्या एका शाळेच्या मैदानावर आमचा हौशी बँड जमायचा. मी ड्रम बडवायचो, ते बॅगपाइप वाजवायचे.

भांडण एका जिगवरून होतं. जिग म्हणजे स्कॉटलंडची नाचाची उडती चाल, आपल्या दादऱ्याच्या अंगानं जाणारी. त्या चालीच्या शेवटी हवालदार एक जास्तीचं वळण घ्यायचे. बँडचा म्होरक्या इयन अस्सल स्कॉटिश. तो चिडायचा, कारण पुस्तकात ते नव्हतंच.

"फौजेतल्या माझ्या धोंडिबा उस्तादांनी घातलंय. त्यांच्या गावच्या लेझमीतलं आहे," हवालदार मला म्हणाले. "साहेब, विचारा ह्याला, मूळ चाल कुणी बांधली?"

मी विचारलं. इयन म्हणाला, कुणालाच ठाऊक नाही, ट्रॅडिशनल आहे.

"म्हणजे नाव विचारायला कुणी थांबलं नाही, एवढंच ना? माझ्या उस्तादांचं तसं होऊ देणार नाही."

एका हॉटेलातल्या मोठ्या कार्यक्रमाआधी इयननं बजावलं, पुस्तकातलं वाजवायचं, नाहीतर यायचं नाही. आम्ही सगळ्यांनी समजावलं, जाऊ द्या हो. "वाजवीन तर पुरं, नाहीतर खलास," ते म्हणाले. आले मात्र. कडक इस्त्रीच्या पोशाखात, पार्किंगमध्ये सावधान उभे राहिले, आम्ही आत वाजवून संपवेपर्यंत. अशा माणसाचा रागही येतो आणि अभिमानही वाटतो. मला अभिमानच जास्त वाटला.

पुढच्या शनिवारी ते पुन्हा हजर. नवे लोक त्यांच्याच शेजारी बसायचे, कारण ते नोटेशनच्या वाटेला न जाता चाल आधी तोंडानं गाऊन घ्यायचे. वळणासकट, अर्थातच.

काँट्रॅक्ट संपलं, हवालदार गावी गेले. निघताना म्हणाले, "सांभाळा, साहेब." काय सांभाळायचं ते सांगितलं नाही. सांगायला कशाला हवं होतं?

पुढे इयनही मायदेशी परतला. नवी म्होरकी त्याच्याच गावाकडची पोरगी. परवाच्या कार्यक्रमात तिनं ती जिग जाहीर केली, आणि शेवटाला अख्ख्या बँडनं ते वळण घेतलं. हे वळण कुठलं, मी तिला विचारलं. ती हसून म्हणाली, इथे सगळे असंच तर वाजवतात, ट्रॅडिशनल आहे.

मी काठ्या खाली ठेवल्या. म्हटलं, हे धोंडिबा उस्तादांचं आहे. नाव घ्या, मगच पुढचं वाजवतो.

तिनं माइक उचलला, अडखळत नाव घेतलं.

मी म्हटलं, आणखी एकदा. जोरात.