खांबांमधला हरभरा

उदगीरहून सकाळची औरादची बस पकडली. हद्द कधी ओलांडली ते कळलं नाही. दुकानांच्या पाट्या कानडी झाल्या, एवढंच. दोन्हीकडे तुरी पिवळ्या पडत आल्या होत्या. मी पुण्यात ज्या कंपनीत काम करते, ती ठाणाकुशनूरजवळचा एक अर्धवट सौर प्रकल्प विकत घ्यायच्या विचारात होती. मूळ कंपनीला कर्ज देणारी मुंबईची संस्थाच गाळात गेली आणि इथलं काम जागच्या जागी थांबलं. जागा पाहून अहवाल द्यायचं काम माझ्याकडे होतं. अनोळखी लोकांशी बोलायचं म्हटलं की माझी वाचा बसते, म्हणून विचारायचे प्रश्न मनात घोकत होते.

"ठाणाकुशनूरात कुणाकडं जायलाव ताई?" कंडक्टरनं विचारलं.

"पंचायतीत."

"आज येळवस हाय. पंचायत कशाची, कुत्रंबी भेटायचं न्हाई गावात."

मागच्या सीटवरचे दोघे हसले. येळवस (वेळा अमावस्या) म्हणजे या पट्ट्यात सगळं गाव शेतात जेवायला जायचा दिवस. आमच्या ऑफिसच्या कॅलेंडरात तो नव्हता. गावात खरंच घरोघरी कुलपं होती. मग मी एकटीच गाडीवाटेनं प्रकल्पाकडे निघाले.

माळावर लोखंडी खांबांच्या लांबच लांब रांगा होत्या आणि वर एकही पॅनेल नव्हतं. खाली मात्र हिरवागार हरभरा, आणि चार खांबांच्या आधारानं उभी केलेली कोप (कडब्याची खोपी). तिच्यापुढे माणसं जेवत होती. पाहणीच्या जागी पंगत बघून मी थबकले.

"उभ्या कामून? या की," एक बाई म्हणाल्या. त्या महानंदाअक्का, जमीन त्यांचीच, कंपनीला भाड्यानं दिलेली. मी पुण्याहून कशासाठी आले ते सांगितलं.

"करारात लिवलंय पीक घ्यायचं न्हाई म्हणून," अक्का लगेच म्हणाल्या. "आमी पेरलंय."

"आधी जेवू दे की तिला," त्यांचे यजमान शिवराजअप्पा म्हणाले. "मग कबूल कर काय करायचं ते."

भज्जी (डाळी, पालेभाज्या आणि ओल्या शेंगांचं दाट कालवण) मी तीनदा घेतली. नको म्हणायला जमलं नाही, हे एक; आणि नको म्हणावंसं वाटलं नाही, हे दुसरं. मातीच्या बिंदग्यातली (मडक्यातली) आंबील पिताना निम्मी ओढणीवर सांडली. "धरतीला पोचली," म्हणून अक्कांनी पुन्हा भांडं भरलं.

अक्कांची डाळमिल आहे. प्रकल्प झाला की दिवसा वीज मिळेल, या भरवशावर टाकलेली. "आता लाईट येती ती लोक झोपल्यावर. तूर घिऊन माणसं भालकीच्या मिलला जायलेत माझ्या दारावरनं. आजून एक साल असं गेलं तर मिल इकावी लागती, माय."

"इथली केबल चोरीला नाही गेली?" मी घोकलेला प्रश्न विचारला. अशा बंद जागांवर बहुधा खांबसुद्धा उरत नाहीत.

"वॉचमन हैदराबादला गेला," अप्पा म्हणाले. "रिकाम्या रानात लोखंड टिकतंय व्हय? मग हिनं हरभरा पेरला. पीक हाय म्हणल्यावर घरचं कुणीतरी येतंयच. निंदाय येतंय, डुकरं हाकाय येतंय."

"रातीला ह्येंनाच धाडती मी," अक्का म्हणाल्या. "असं घोरतेत की डुकरं तिकडं मैलभर येत न्हाईत."

जेवणानंतर "ओलगे, ओलगे" अशी आरोळी देत सगळे शेताभोवती आंबील शिंपडत फिरले. अक्का एकेका खांबालाही शिंपडत होत्या. मी पाहतेय म्हटल्यावर म्हणाल्या, "ह्येबी रानातलंच की आता."

जागेचे फोटो ऑफिसात साहेबांना पाठवून उतरत्या उन्हात परतीच्या बसमध्ये बसले, तोच त्यांचा फोन आला. "फोटोत पीक दिसतंय. जागेवर अतिक्रमण आहे?"

एरवी मी "बघून सांगते" म्हणाले असते. "नाही सर. ते पीक आहे म्हणून तर खांब आहेत. हरभरा निघाला की काम सुरू करावं, असं मी लिहिणार आहे."

"म्हणजे होळीपर्यंत थांबायचं?"

"हो."

"लिही," साहेब म्हणाले.

मुंबईत पैसा आटला की पुण्यातल्या कागदांवर प्रकल्प 'बंद' असतो. पण त्या बंद जागेत कुणीतरी निंदायला वाकलेलं असतं, हे पाहून आल्यापासून तो शब्द लिहिताना माझा हात अडतो.

काही आठवड्यांनी मंजुरी आली, माझ्या अटीसकट. मी आनंदानं अक्कांना फोन केला: हरभरा निघेपर्यंत रानात कुणी पाऊल टाकणार नाही.

"आसली कसली अट घातलीस ग माय?" अक्का म्हणाल्या. "पुढच्या तुरीला मिल दिवसा चालाय पायजे. हरभरा आमी हिरवाच उपटून वाटतो. तू माणसं धाड."