मोजणीदार आले की

बाळांनो, पिंपरीला नुकतेच कारखाने येऊ लागले होते, तेव्हा मी जवळच्या गावात चौथीच्या मुलींना शिकवत होते. वर्गात गोष्टीचं एकच पुस्तक होतं. मी रोज एक प्रकरण वाचून पुस्तक मिटी आणि विचारी, "आता पुढं काय होईल? कशावरून?" मुली आपला अंदाज पाटीवर लिहीत.

एकदा गोष्टीतल्या गावात साखळी घेऊन मोजणीदार आले. सगळ्यांनी लिहिलं, रस्ता होईल, दिवे येतील. खिडकीशी बसणाऱ्या मुलीनं लिहिलं, गाव उठेल.

"कशावरून गं?"

"मोजाया आलं की जमीन जाती, बाई. माझ्या मामाची गेली न्हाई का?"

"शुभ बोल की गं जरा!" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. पुस्तकात शेवटी दिवेच आले. मुलींनी टाळ्या वाजवल्या, तिनं तेवढ्या वाजवल्या नाहीत.

दिवाळीनंतर एका सकाळी मी नवं पुस्तक वाचत असताना बाहेर साखळी खळखळली. खिडकीशी बसणाऱ्या त्या मुलीच्या वडलांच्या ज्वारीत दोन माणसं मोजणी करत होती. मी पुस्तक मिटलं. तिनं खिडकीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत म्हणाली, "इचारा की बाई, आता पुढं काय व्हईल?"

कुणीच पाटी उचलली नाही.