नारळाच्या मानाचा करारनामा

चहा निवायच्या आत सांगून टाकतो. पण अट एकच, मध्ये हसायचं नाही. हसायचं ते शेवटी, आणि तेही माझ्याकडे न बघता! कारण या किश्श्यात फजिती झाली ती दुसऱ्या कोणाची नव्हे. आयुष्यभर शब्दांचा अभ्यास केला, त्याबद्दल गावोगाव शाल आणि नारळ स्वीकारले, अशा तुमच्या या स्नेह्याचीच झाली. त्यातला नारळ तेवढा लक्षात ठेवा.

मी लोकसाहित्याचा अभ्यासक. राहायला चिंचवडला, पण जीव सगळा चाकणच्या पट्ट्यात. कुरुळीच्या पलीकडे एक गाव आहे. नाव विचारू नका, मला तिथे अजून तोंड दाखवायचं असतं. एका बाजूला सुट्या भागांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला ट्रकांचा तळ, आणि मधोमध भैरोबाचं देऊळ. तिथल्या जत्रेवर मी पूर्वी एक प्रदीर्घ लेख लिहिला होता. तो गावात कोणी वाचला नाही. पण लिहिला आहे, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. प्रतिष्ठेला तेवढं पुरतं!

जत्रेत पालखी निघण्याआधी पहिला नारळ वाढवायचा मान एका घराण्याचा. त्या घराण्याच्या शाखा दोन: थोरली पाती आणि धाकटी पाती. एक वर्ष यांचं, एक वर्ष त्यांचं. साथीच्या काळात जत्रा बंद राहिली, आणि त्या बंद काळातली पाळी धरायची की सोडायची, यावरून वाद पेटला. जत्रा पुन्हा सुरू झाली त्या पहिल्या वर्षी दोन्ही पात्यांचे नारळ देवाऐवजी एकमेकांच्या दिशेने निघाले. पालखी जागची हलली नाही, कुस्त्यांचा आखाडा ओस पडला. पुढच्या वर्षी फौजदारांनी स्पष्टच सांगितलं, "लेखी करार दाखवा, तरच परवानगी."

थोरल्या पातीचे दत्तूअण्णा माझ्याकडे आले. पंच्याहत्तरीचे, पटका अजून कडक.

"सर, यंदा बी जत्रा बुडाली तर पुन्हा व्हायची न्हाई बगा. पोरं कंपनीत. जत्रंला सुट्टी टाकायची सवय एकदा मोडली, की देव बी ओळखायची न्हाईत."

हे मात्र खरं होतं.

त्या वर्षीची पाळी थोरल्या पातीची, एवढं दोन्हीकडच्यांनी कसंबसं कबूल केलं होतं. कराराचा मसुदा माझ्या पुतणीने केला होता. मृणाल खेडच्या कोर्टात वकिली करते. मी तो वाचायला घेतला आणि काय सांगू महाराजा! 'पक्ष क्रमांक एक यांनी पहिला नारळ वाढवावा. पक्ष क्रमांक एक यांनी नारळ वाढवल्यानंतर पक्ष क्रमांक एक यांनी पालखीपुढे उभे राहावे.' अरे, ही भाषा आहे की पाढे?

मी तिला फोन लावला. "मृणाल, हे मराठी आहे का?"

"काका, ते मराठीही आहे आणि कोर्टात टिकणारंही आहे. एका माणसाला सुरुवातीला जे नाव दिलं, तेच शेवटपर्यंत. कंटाळवाणं झालं तरी चालतं. किंबहुना कंटाळवाणंच हवं!"

"पुनरुक्ती हा शैलीचा दोष आहे."

"शैली तुमच्या लेखात. इथे हात लावू नका हं काका. मी दोन दिवस मुंबईला हायकोर्टात आहे."

आता तुम्हीच सांगा, मी हात लावल्याशिवाय राहिलो असतो का? भैरोबाच्या मानाचा कागद, आणि त्यात मानकऱ्याला 'पक्ष क्रमांक एक' म्हणायचं? जणू निवडणुकीचा उमेदवार! मी लेखणी उचलली. आजवर विद्यार्थ्यांना शिकवत आलो की लागोपाठच्या वाक्यांत तोच शब्द येणं हा लेखकाचा आळस. त्या धोरणाने थोरल्या पातीला मी पहिल्या कलमात 'थोरली पाती' म्हटलं, दुसऱ्यात 'ज्येष्ठ घराणे', तिसऱ्यात 'मूळ मानकरी', चौथ्यात 'देवाचे पूर्वापार सेवेकरी' आणि पाचव्यात, प्रतिभेला भरतं आल्यामुळे, 'गावकीचे अग्रणी'. सगळी एकच मंडळी, हे उघडच होतं. निदान मला.

नारळ तरी का वगळायचा? कलमागणिक तो 'नारळ' झाला, 'श्रीफळ' झाला, 'मंगलफळ' झाला, 'पहिला मानाचा उपहार' झाला. शेवटी तर 'देवापुढील आद्य अर्पण'! हे लिहिल्यावर मी उठून आरशात पाहिलं. खोटं कशाला सांगू?

गुरुवारी त्या पट्ट्यातल्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी. सभामंडप तुडुंब भरला. मी ध्वनिक्षेपकावरून करार वाचला. काय तो प्रतिसाद! म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. दोन्ही पात्यांनी तिथल्या तिथे सह्या केल्या. एक बाई म्हणाल्या, "पोथी ऐकल्यावाणी वाटलं." मला वाटलं, कायद्याच्या रुक्ष भाषेला आज खरा उतारा मिळाला. कराराचे फोटो गावाच्या ग्रुपवर गेले, एक प्रत फौजदारांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या गुरवांचा फोन.

"सर, लई उपकार झाले! आमच्या पिढ्यान् पिढ्या देवाजवळ गेल्या, पर आमाला नारळाचा मान कुणी दिला नव्हता."

"तुम्हाला? मी कुठे दिला?"

"असं काय करता? चौथं कलम! पूर्वापार सेवेकरी म्हंजी आमीच की."

"अहो, ती थोरली पाती!"

"थोरली पाती तर पहिल्या कलमात हाय. तीच आसती तर दुसऱ्या नावानं कशाला लिवली आसती? तुमी शिकलेली माणसं, उगाच शाई घालवाल व्हय?"

फोन ठेवतो न ठेवतो तोच धाकट्या पातीचे बबनराव गाडीवरून दारात.

"सर, मानलं तुम्हाला! यंदाची पाळी थोरल्या पातीची म्हणून आम्ही मुकाट सही केली. घरी जाऊन नीट वाचलं, तर दुसऱ्या कलमात ज्येष्ठ घराणं! थोरली पाती वर येऊन गेली, मग हे दुसरं घराणं कुठलं? गावात दोनच तर पात्या. उरलो आम्ही!"

"बबनराव, ते अण्णांचंच घराणं हो."

"आता राव, कागद तो कागद!"

दुपारी तळेगाव दाभाड्यातून तीन मोटारसायकली आल्या. या घराण्याची एक जुनी शाखा तिकडे जाऊन स्थायिक झाली होती. 'मूळ मानकरी' म्हणून त्यांनी पेढेच आणले होते. सरपंचांनी 'गावकीचे अग्रणी' हे पद स्वीकारल्याचा फलक देवळासमोर लावला, फोटोसकट. एका सद्गृहस्थांनी फोनवर एवढंच विचारलं, "मंगलफळ म्हणजे केळी आणू का सफरचंद?"

संध्याकाळी मृणाल आली. तिने करार वाचला आणि कपाळ न बडवता चष्मा पुसला. वकिलांची ही सवय फार भीतिदायक असते.

"काका, या करारात माणसं किती?"

"दोन पात्या."

"मग ही पाच नावं कोणाची?"

"थोरल्या पातीची."

"आणि हे कुठे लिहिलंय?"

"लिहायचं काय त्यात? रसिकाला कळतं."

"फौजदार रसिक आहेत का?"

मी करार उलटा करून ठेवला.

"काका, तुमच्याकडे एका देवाला शंभर नावं असली की तो मोठा होतो. आमच्याकडे एका माणसाला दोन नावं दिली, की त्याची दोन माणसं होतात. तुम्ही तर अण्णांची पाच केलीत. आणि हातातल्या नारळाचेही पाच!"

"दुरुस्ती करू."

"आता मान सांगणाऱ्या सगळ्यांच्या सह्यांनी. घ्या, आणा सह्या."

गेलो. गुरवांनी चहा पाजला, बबनरावांनी जेवायला थांबवून घेतलं, सरपंचांनी शाल दिली. सही कोणीही दिली नाही. हाती आलेला मान असा कोण सोडतो? मान कोणी सोडत नाही, हा तर माझ्याच लेखाचा निष्कर्ष होता!

जत्रेच्या सकाळी मी देवळात उभा होतो. पाच बाजूंनी पाच नारळ येत होते, आणि प्रत्येकामागे बाह्या सावरलेली पोरं. ती सगळी रजा टाकून आलेली. आदल्या वर्षीची आठवण ताजी होती. आता एक धक्का लागला की जत्रा कायमची बुडाली, आणि तीही माझ्या शैलीपायी.

फौजदार पायरीवर चढले. त्यांनी खिशातून करार काढला.

"हे बघा, मला तुमचा इतिहास माहीत नाही. कागदावर पाच कलमं, पाच मानकरी, पाच फळं आहेत. एका रांगेत उभे राहा आणि माझ्या शिट्टीवर एकदम वाढवा. पुढे-मागे झालं तर परवानगी रद्द!"

शिट्टी वाजली. पाच नारळ एकदम फुटले! असा आवाज त्या देवळाने कधी ऐकला नव्हता. मग ढोल सुरू झाला, गुलाल उडाला, आणि पालखी निघाली. भांडायचं कोणाशी? सगळेच मानकरी! आखाडा तर असा रंगला की कंपनीत दुपारची पाळी असलेली पोरंही बस सोडून बसली.

अण्णा मात्र माझ्याजवळ आले. हातात फुटलेल्या नारळाचा तुकडा.

"सर, आज्जाच्या आज्जापासनं एकाच घराण्याचा मान व्हता. गेल्या साली एवढी मारामारी झाली तरी तो शाबूत ऱ्हायला. तुमी एका बैठकीत त्याचे पाच तुकडे केले की!"

"चुकलो, अण्णा."

"न्हाई, जत्रा झाली, ते ब्येस झालं," खोबरं माझ्या हातावर ठेवत ते म्हणाले. "पर आमच्या जमिनीच्या वाटणीचा कागद तेवढा तुमच्या वकील पोरीकडनंच करून घेतो. तुमी लिवला, तर माझ्या दोन पोरांची धा निघायची."

तेव्हापासून त्या गावात दर जत्रेला शिट्टीवर पाच नारळ फुटतात. मृणालने पुढे स्वच्छ, कंटाळवाणा, निर्दोष करार तयार केला. तो तिच्या कपाटात आहे, एकाही सहीविना.

एवढ्यावर संपलं असतं तर मी तुम्हाला सांगितलंही नसतं. पण परवा विद्यापीठातून एक प्रबंध माझ्याकडे तपासायला आला. त्यात एक संपूर्ण प्रकरण या गावावर. पाच नारळ म्हणजे पंचमहाभूतं, आणि शिट्टी हा शिकारी समाजाच्या आदिम संकेताचा अवशेष! पुरावा म्हणून गावकऱ्यांच्या मुलाखती होत्या. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं होतं, "हे पूर्वापार चालत आलंय."

तोंडी परीक्षेत त्या मुलीने अतिशय आदराने मला विचारलं, "सर, या प्रथेचा कर्ता कोण असावा, याचा काही माग लागतो का?"

मी घसा साफ केला, चष्मा पुसला आणि अत्यंत गंभीर आवाजात म्हणालो, "लोकपरंपरेचा कर्ता नेहमीच अज्ञात असतो. आणि त्याने तसंच राहावं, यात सर्वांचं हित असतं."